गुरुजींचा अर्ज

अपंग विद्यार्थ्यांच्या परीक्षेची सोय लावण्याचं काम माझ्याकडे कुणी विश्वासाने सोपवलं नव्हतं. परीक्षा विभागात मी सगळ्यांत नवा होतो. वर्षाला अशी पाच-सहाच मुलं असत आणि कागद मात्र पन्नास मुलांइतके करावे लागत. त्यामुळे ती फाइल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर सरकत शेवटी माझ्याकडे आली आणि माझीच झाली. आता मी त्या विभागाचा बड़े बाबू, म्हणजे हेडक्लार्क, आहे, केस पिकले आहेत, आणि ती फाइल अजून माझ्याच कपाटात आहे. या कामातली एक गोष्ट मी कुणाला सांगितलेली नाही. बायकोला अर्धी ठाऊक आहे.

काम तसं सरळ आहे. सरकारी इस्पितळाचं प्रमाणपत्र, विद्यार्थ्याचा अर्ज, आणि लेखनिक हवा असेल तर लेखनिकाचा फोटो व तो परीक्षार्थीपेक्षा खालच्या वर्गात शिकतो असा दाखला. हे सगळं यादीला जोडून फेब्रुवारीत विद्यापीठाकडे पाठवायचं. विद्यापीठ परीक्षाकेंद्राला आदेश देतं. आदेश असला की खोली तळमजल्यावर मिळते, लेखनिकाला आत बसू देतात आणि तीन तासांच्या पेपरला एक तास जास्त मिळतो. आदेश नसला तर सगळं केंद्राध्यक्षाच्या मर्जीवर.

मी हे काम मन लावून करत असे. हे सांगतो ते स्वतःची बाजू मांडायला नाही, पण तेही खरंच होतं. अंध मुलांसाठी लेखनिक शोधत मी घरोघर फिरलो आहे. आमच्या दूधविनायकच्या गल्लीतल्या इंटरच्या, म्हणजे अकरावी-बारावीच्या, मुलींना मी पकडून नेत असे. त्यांच्या आया म्हणत, काकांमुळे आमच्या पोरींच्या हातून पुण्य घडतं. मला ते ऐकायला आवडे. लोकांची कामं नियमाने होत नाहीत, माझ्यामुळे होतात, असं मला हळूहळू वाटू लागलं होतं.

आमची घरं इथे बनारसला पाच पिढ्यांची. घरात मराठी, उंबरठ्याबाहेर हिंदी, आणि भांडण रंगलं की घरातही हिंदी. मंगला गौरीच्या देवळाजवळ राहणारे एक गुरुजी आमच्याकडचे सगळे विधी करत. माझी मुंज त्यांनीच लावली होती, तेव्हा तेही तरुण होते. ते मला शेवटपर्यंत 'अरे' म्हणत, आणि मी नोकरीला लागल्यावर चारचौघांत 'बाबूसाहेब' म्हणून चिडवत. आपल्या घरी ते दहा-बारा विद्यार्थ्यांना वेदपाठ शिकवत.

त्यांना एकच मुलगी. जन्मापासून तिचे हातपाय आखडलेले, मान एका बाजूला ओढलेली. बोलणं यायचं ते तुटक, आतून ओढून काढल्यासारखं. घरच्यांना ते कळे, बाहेरच्याला तिसऱ्यांदा सांगितल्यावर कळे. ज्या घरात एक स्वर चुकला तर पाठ पहिल्यापासून म्हणायला लावत, त्या घरात या मुलीला एक ओळ धड म्हणता येत नव्हती. पण ती ऐके सगळं. विद्यार्थी म्हणत असताना ती भिंतीला टेकून बसलेली असे, आणि कुणी चुकलं की जमिनीवर तळहात आपटे. एकदाच. बरेचदा गुरुजींच्या लक्षात यायच्या आधी. मिसरूड फुटलेले मुलगे पाठ म्हणताना गुरुजींच्या तोंडाकडे न बघता तिच्या हाताकडे बघत, हे मी स्वतः पाहिलं आहे. गुरुजी म्हणत, "ही माझी छडी."

ती आमच्या कॉलेजात बी.ए.ला आली, संस्कृत घेऊन. मी लगेच लेखनिकाचं बघतो म्हणालो. तिने नकाराची मान हलवली. गुरुजींनी मला समजावून सांगितलं की ही सांगणार, लिहिणारी तीनदा विचारणार, तोवर वेळ संपणार. त्यापेक्षा ती स्वतः लिहील. जाड पेन मुठीत धरून ती लिहायची. अक्षर मोठं, उजवीकडे झुकलेलं, पण स्वच्छ. फक्त वेळ लागे. तिला पुढे एम.ए. करायचं होतं आणि शिकवायचं होतं. कसं शिकवणार, असं मी एकदा गुरुजींना विचारलं. ते म्हणाले, "ते तिचं ती बघेल. तू तेवढा तास दे."

पहिली दोन वर्षं तो तास मी दिला, आणि कागद एकही केला नाही. परीक्षा आमच्याच इमारतीत होती. मी पर्यवेक्षकाला सांगायचो, त्याला चहा पाठवायचो, आणि तो तासभर जास्त बसायचा. गुरुजी बाहेर नळाजवळच्या पायरीवर थांबत. पेपर झाला की तिला रिक्षात बसवून नेत आणि जाताना माझ्या खिडकीकडे बघून हात वर करत. मीही आतून हात करायचो.

तिसऱ्या वर्षी विद्यापीठाने केंद्रं बदलली. नक्कल थांबावी म्हणून एका कॉलेजच्या मुलांनी दुसऱ्या कॉलेजात बसायचं. आता चहा पाठवून भागणार नव्हतं, आदेश हवा होता. हे मला ठाऊक होतं. गुरुजींनाही कुणीतरी सांगितलं असावं.

पौषात माझ्या वडिलांचं श्राद्ध असतं. त्या वर्षी थंडी फार होती. गल्लीत दुपारपर्यंत ऊन उतरलं नव्हतं आणि गुरुजी कानाला उपरणं बांधून आले. वडिलांच्या जागी तेच बसत. जेवण झाल्यावर यजमानाने, तृप्त झालात का, असं विचारायचं असतं आणि ब्राह्मणाने, तृप्त झालो, असं म्हणायचं असतं. मी विचारलं, त्यांनी म्हटलं. मग हात धुऊन, विडा घेऊन ते उठले, आणि खांद्यावरच्या कापडी पिशवीतून त्यांनी एक घडी केलेला कागद काढला. केंद्र बदललंय म्हणतात, म्हणून अर्ज लिहून आणलाय, प्रमाणपत्राची नक्कल जोडली आहे, असं म्हणाले. जरा संकोचाने म्हणाले. आमच्या घरात ते मागणारे नव्हते, घेणारे होते, तेही पितरांच्या वतीने.

माझा चुलत भाऊ, त्याची बायको, शेजारचे दोघे, सगळे तिथेच होते. मी म्हणालो, "गुरुजी, आत्ता तुम्ही माझ्या वडिलांच्या जागी जेवलात. वडील कधी मुलाकडे अर्ज करतात का?"

"तसं नाही रे. ऑफिसचं ऑफिसला."

"मी आहे ना."

आणि तो कागद मी माझ्या हाताने त्यांच्या पिशवीत परत ठेवला. भाऊ म्हणाला, बघा, दादासमोर विद्यापीठ काय आहे. सगळे हसले. गुरुजीही हसले. त्या क्षणी मला माझ्याबद्दल फार बरं वाटलं, हे मला स्पष्ट आठवतं. इतर पुष्कळ गोष्टी विसरल्या, हे नाही विसरलो.

पानं उचलताना बायको म्हणाली, "ठेवून घ्यायचा होता कागद. ब्राह्मणाने आपणहून दिलेलं परत करतात का?" मी म्हणालो, ऑफिसातलं तुला काय कळतं.

फेब्रुवारीत यादी करायला बसलो. तीन मुलांचे अर्ज फाइलला होते. तिच्या नावापुढे जोडायला माझ्याकडे काही नव्हतं. आमच्या घरापासून मंगला गौरी दहा मिनिटांची वाट. जाऊन कागद आणता आला असता. पण सगळ्यांसमोर जो कागद परत केला तोच मागायला जायचं, म्हणजे 'मी आहे ना' म्हटलं ते पोकळ होतं असं कबूल करायचं. आज जाऊ, उद्या जाऊ करत तारीख आली. मी तीन नावांची यादी पाठवली आणि नव्या केंद्राच्या केंद्राध्यक्षांना फोन केला. ते माझ्या ओळखीचे होते. ते म्हणाले, "भेज दीजिए, बिटिया है, देख लेंगे।"

शेजारच्या टेबलावरचा आमचा टंकलेखक अस्सल बनारसी. त्याने सगळं ऐकलं होतं. पान गालात सरकवून तो म्हणाला, "बाबू, बिना पर्ची के तो बनारस में मुर्दा भी नहीं फूँका जाता। आप ज़िंदा लड़की भेज रहे हैं।" मी हसलो. त्याचं बोलणं कुणी मनावर घेत नसे.

परीक्षा सुरू झाली. सगळे पेपर नीट गेले. केंद्राध्यक्षांनी शब्द पाळला, तास दिला. शेवटचा पेपर संस्कृतचा होता. त्या दिवशी केंद्राध्यक्ष मुलीच्या लग्नाआधीच्या तिलकासाठी गावी गेले होते, त्यांच्या जागी दुसरे कुणी होते, आणि विद्यापीठाचे एक निरीक्षक फिरतीवर आले होते. दुपारी मला गुरुजींचा फोन आला, कुणाच्या तरी मोबाइलवरून. त्यांना फोनवर बोलायची सवय नव्हती, ते मोठ्याने बोलत होते. तीन तास झाले म्हणून तिची उत्तरपुस्तिका काढून घेतली आहे, ती जागेवरून उठत नाही, तू ये, एवढंच.

मी साहेबांची मोटारसायकल मागून घेतली. गदौलियाच्या चौकात गर्दीत अडकलो. तरी पोचायला पंचवीस मिनिटांवर लागली नाहीत. खोली तळमजल्यावरच होती. बाकीची मुलं गेली होती. ती एकटी शेवटच्या बाकावर, पेन अजून मुठीत. उत्तरपुस्तिका निरीक्षकांच्या समोर टेबलावर, बाकी गठ्ठ्यापासून वेगळी ठेवलेली. गुरुजी दारात उभे होते. त्यांना आत येऊ दिलं नव्हतं.

निरीक्षक वाईट माणूस नव्हते. हे मला नेहमी सांगावंसं वाटतं, कारण ते वाईट असते तर मला सोपं गेलं असतं. वय झालेले, चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेली. त्यांनी मला बसायला सांगितलं. त्यांच्या यादीत या मुलीचं नाव नव्हतं. पण मुलगी दिसत होती, तिचा हात दिसत होता. ते म्हणाले की कॉलेजने काही कागद घेतला असेल तर दाखवा.

तेव्हा गुरुजींनी दारातून पिशवीत हात घातला आणि तो अर्ज काढला. पौषातला तोच. घडीवर काळपट झालेला. म्हणजे इतके महिने ते तो पिशवीत घेऊन फिरत होते. शिपायाने तो आणून निरीक्षकांना दिला. त्यांनी तो पूर्ण वाचला, प्रमाणपत्र उलटून पाहिलं, तारीख पाहिली. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "देखिए, अगर यह अर्ज़ी आपको दी गई थी और आगे भेजना रह गया, तो गलती कॉलेज की है। बच्ची को मैं अभी पूरा समय दूँगा और नीचे लिख दूँगा। बस इतना बताइए, यह आपको दी गई थी?"

त्या वर्षी आमच्या बड़े बाबूंची जागा रिकामी होणार होती. निरीक्षक लिहिणार म्हणजे आमच्या प्राचार्यांना पत्र जाणार, पत्र आलं की माझ्याकडून स्पष्टीकरण मागणार. हे सगळं माझ्या डोक्यात एका क्षणात आलं, की नंतर मी ते कारण म्हणून शोधलं, हे आता मला खात्रीने सांगता येत नाही. मी म्हणालो, "नहीं, सर।"

कागदाच्या हिशेबाने ते खोटंही नव्हतं. ऑफिसात तो अर्ज आलाच नव्हता.

तिने बाकावर तळहात आपटला. एकदाच. रिकाम्या खोलीत तो आवाज मोठा झाला. निरीक्षक दचकले. मग त्यांना वाटलं असावं की तिच्या आजारात हात असा उडतो, कारण ते हळू आवाजात म्हणाले, पानी दो बच्ची को. तो आवाज कशाचा, हे त्या खोलीत दोघांनाच ठाऊक होतं, मला आणि दारातल्या गुरुजींना.

गुरुजी काही बोलले नाहीत. त्यांनी एक शब्द बोलायचा होता. श्राद्धाच्या दिवशी मी याच्या घरी याच्या हातात दिला होता, एवढंच. ते बोलतील म्हणून मी वाट पाहत होतो. मला भीती वाटत होती की इच्छा होती, कोण जाणे. निरीक्षकांनी अर्ज घडी करून शिपायाच्या हाती परत पाठवला. गुरुजींनी तो पिशवीत ठेवला. उत्तरपुस्तिका गठ्ठ्यात गेली, लाल सुतळी बांधली, लाखेचं सील लागलं. तिचे दोन प्रश्न राहिले होते, तिसरा अर्धा होता.

मी मोटारसायकल परत केली. टेबलावर अर्धवट राहिलेलं काम पुरं केलं. घरी जाऊन जेवलो. त्या संध्याकाळी मला काही वाटलं असं मला आठवत नाही. बायकोने विचारलं, मुलीचे पेपर संपले का? मी म्हणालो, संपले.

निकाल लागला. ती पास झाली, पण एम.ए.च्या प्रवेशाला संस्कृतात जेवढे गुण लागत, त्याला चार कमी पडले. हे मीच पाहिलं, कारण गुणपत्रिका माझ्याच टेबलावरून वाटल्या जातात. ती न्यायला गुरुजींचा एक विद्यार्थी आला. मी सही घेतली आणि दिली.

पुढच्या पौषात मी गुरुजींना निमंत्रण द्यायला गेलो नाही. बायको गेली. मला वाटलं, ते येणार नाहीत. ते आले, नेहमीच्या वेळी, कानाला तेच उपरणं बांधून. वडिलांच्या जागी बसले. सगळा विधी नेहमीसारखा, एक शब्द कमी नाही, एक जास्त नाही. 'बाबूसाहेब' मात्र त्यांनी एकदाही म्हटलं नाही. जेवण झालं. मला विचारायचं होतं तो प्रश्न विचारणं भाग होतं. मी विचारलं, तृप्त झालात?

त्यांनी पानाकडे पाहिलं. मग त्यांच्या त्या स्वच्छ आवाजात म्हणाले, "तृप्त झालो."

ते म्हणावंच लागतं. न म्हटलं तर श्राद्ध पुरं होत नाही, माझे वडील उपाशी राहतात. त्यांनी ते माझ्या वडिलांसाठी म्हटलं, असं मी धरून चाललो आहे. त्यानंतर चार वर्षं ते येत राहिले आणि दर वर्षी म्हणत राहिले. त्या चार वर्षांत मी एकदाही तो विषय काढला नाही. मग ते गेले. मी घाटावर गेलो होतो. तिथे पावती करायला एक माणूस हवा होता, ते काम मीच केलं. नाव, वय, पत्ता नीट लिहून घेतला आणि पर्ची जपून ठेवली. टंकलेखकाचं बोलणं तेव्हा आठवलं.

मी बड़े बाबू झालो. आता माझ्याकडे अर्जाशिवाय काही होत नाही. चुलत भावाच्या मुलाचा हात मोडला तेव्हा त्याच्याकडूनही मी दोन प्रतींत अर्ज घेतला. एका प्रतीवर शिक्का मारून दिला. तो म्हणाला, काका, आता घरातही खिडकी लावा. गल्लीत मला कडक म्हणतात. त्यात नियमाचं प्रेम किती आणि भीती किती, हे मी तपासायला गेलेलो नाही.

मधल्या काळात गुरुजींच्या मुलीबद्दल बाहेरून कळत असे. तिने तो पेपर पुन्हा दिला, घरी बसून एम.ए. केलं, आणि आता ती अपंग मुलांच्या एका शाळेत शिकवते. तिथे कागदपत्रांचं सगळं तीच बघते.

मागच्या हिवाळ्यात ती माझ्या टेबलाशी आली. बरोबर एक अंध मुलगी होती, तिच्या शाळेतून आमच्याकडे पहिल्या वर्षात दाखल झालेली. मुलीने तिचा दंड धरला होता आणि तिने मुलीचा खांदा, कोण कुणाला आणत होतं ते सांगता आलं नसतं. केस थोडे पांढरे झाले होते. मी उठून उभा राहिलो. माझ्याच तोंडून मराठी निघालं, ये, बस.

"नमस्ते, सर," ती म्हणाली. घरी ती मला काका म्हणायची.

तिने फाइल उघडली. अर्ज, प्रमाणपत्र, लेखनिकाचा फोटो, दाखला, सगळं क्रमाने टाचलेलं, दोन प्रतींत. अर्जावरचं अक्षर मी ओळखलं, मोठं, उजवीकडे झुकलेलं. शिकवणाऱ्या बाईने स्वतः लिहून आणायची गरज नव्हती, छापील नमुना मिळतो. मी कागद वाचले. काही कमी नव्हतं. एक प्रत फाइलला लावली. दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारला, सही केली आणि तिच्याकडे सरकवली.

तिने ती उचलली नाही. तिचा तळहात कागदावर होता. मी त्या हाताकडे बघत होतो.

"तो अर्ज गुरुजींनी मला दिला होता," मी मराठीत म्हणालो. "घरी. मी घेतला नाही. आणि तिथे मी नाही म्हणालो."

तिच्या मानेला ओढ बसली, ओठ हलले. ती काहीतरी म्हणाली ते मला कळलं नाही. मी पुढे वाकलो. तिने पुन्हा म्हटलं. मला तेव्हाही कळलं नाही. अंध मुलगी सहज म्हणाली, "दीदी तारीख कह रही हैं।" शिक्क्याखाली मी तारीख घातली नव्हती.

"डाल दीजिए," ती तिसऱ्यांदा म्हणाली, आणि या वेळी मला स्पष्ट ऐकू आलं.

मी तारीख घातली. तिने ती वाचली, कागद फाइलमध्ये ठेवला, आणि यादी विद्यापीठात कधी जाणार ते विचारलं. मी दिवस सांगितला. तिने तो फाइलच्या आतल्या बाजूला लिहून घेतला. लिहायला वेळ लागला. मागे रांग होती, कुणीतरी पाय आपटत होतं. मी तिचं लिहून होईपर्यंत थांबलो.